नात्यांचे नकाशे: सजीवसृष्टीची प्रारूपे आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर



जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा दिसू लागला. पानाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या मेणचट लोकरीचा थर, त्यातून खालच्या पानांवर ठिबकणारा गोड चिकट स्राव आणि त्या स्रावावर वाढणारी काजळी. पान काळे पडले की उसाची वाढ खुंटते आणि कारखान्यात साखरेचा उतारा घटतो. बघता बघता ही कीड शेजारच्या जिल्ह्यांत आणि कृष्णेच्या खालच्या अंगाला कर्नाटकात पोहोचली. माव्याची मादी नराशिवाय थेट पिले देते, त्यामुळे संख्या फार झपाट्याने वाढते. पहिला उपाय सुचला तो अर्थातच फवारणीचा. पण पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या, आडव्यातिडव्या लोळलेल्या उसात फवारणारा माणूस शिरणार कसा? आणि शिरला तरी औषध पानाच्या खालच्या अंगाला पोहोचणार कसे?

या किडीला पुढे आवर घातला तो मुख्यतः तिच्या शत्रूंनी. मावा खाणारी डिफा ही अळी, जिला ऊस पट्ट्यात कोनोबाथ्रा या जुन्या नावानेही ओळखतात. मायक्रोमस हा नाजूक जाळीदार पंखांचा कीटक. आणि सिरफिड माशीच्या अळ्या. या मित्रकिडी असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधली गेली, फवारणी थांबवण्याचे आवाहन झाले, आणि मित्रकिडी जिथे टिकल्या तिथे मावा हटला.

या घटनेत कीड एकच असली तरी जीव अनेक आहेत: ऊस, मावा, काजळी, डिफा, मायक्रोमस, सिरफिड आणि माणूस. उसाचा स्वतंत्र अभ्यास होऊ शकतो, माव्याचा होऊ शकतो, डिफाचाही होऊ शकतो. पण साथ का आली आणि का ओसरली, याचे उत्तर त्यांतल्या कोणत्याही एका जीवात सापडत नाही. ते त्यांच्या आपसातल्या नात्यांत आहे. ही नाती मांडायची कशी, मोजायची कशी, डोळ्यांना दिसतील अशी रेखाटायची कशी, आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर सर्वांना खुले का असले पाहिजे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम प्रारूपाविषयी. प्रारूप, म्हणजे ज्याला सर्रास मॉडेल म्हटले जाते, ते निसर्गाची नक्कल नसते. ते एक विधान असते. ‘या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, त्यांचे एकमेकांशी असे असे नाते आहे, आणि ते खरे असेल तर अमुक घडायला हवे’, असे ते विधान. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत उंबेर्तो डान्कोना हा प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्रकाठच्या मासळी बाजारांतले आकडे तपासत होता. युद्धाच्या काळात मासेमारी कमी झाली होती, आणि त्याच काळात शार्क, पाकट यांसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसत होते. मासेमारी थांबली तर सगळेच मासे वाढावेत. शिकारी माशांचाच वाटा का वाढावा? हा प्रश्न त्याने गणितज्ञ व्हीतो व्होल्तेरा याच्यापुढे ठेवला. व्होल्तेराने १९२६ मध्ये दोन समीकरणे मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका स्वतंत्रपणे त्याच समीकरणांपर्यंत पोहोचला होता. एक समीकरण भक्ष्याचे, एक भक्षकाचे. भक्ष्य आपोआप वाढते आणि भक्षकाला भेटले की घटते. भक्षक भक्ष्य मिळाले की वाढतो आणि न मिळाले की मरतो. एवढेच.

या दोन ओळींतून निघणारा निष्कर्ष मात्र मोठा आहे. भक्ष्य आणि भक्षक या दोघांनाही सरसकट मारणारे काही बाहेरून आले, तर भक्ष्याची सरासरी संख्या वाढते आणि भक्षकाची घटते. हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. दोघांनाही मारले तर एकाची संख्या वाढेल कशी? कारण असे की, भक्षकाला आता दुहेरी मरण आहे: उपासमारीचे आणि बाहेरून आलेले. त्याला तगून राहायला पूर्वीपेक्षा जास्त भक्ष्य लागते. तेवढे भक्ष्य साचेपर्यंत भक्षक सावरत नाही. एड्रियाटिकमध्ये बाहेरून मारणारे जाळे होते, ते कमी झाले म्हणून शिकारी मासे वाढले. उसात बाहेरून मारणारे कीटकनाशक असते. ते माव्याला मारते आणि डिफालाही मारते; मावा झपाट्याने भरून येतो, डिफा येत नाही. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात संत्रावर्गी बागांत डीडीटी फवारल्यावर नेमके हेच झाले होते. लेडीबर्ड वर्गातल्या एका भुंगेऱ्याने पन्नास वर्षांहून अधिक काळ ताब्यात ठेवलेली खवलेकीड पुन्हा उसळली, कारण भुंगेरा मेला होता.

ही समीकरणे कागदावर सोडवता येतात, पण फार पुढे जाता येत नाही. दोन जीवांचे सात झाले, वारा आणि पाऊस आला, उसाचे वय आले, की कागद अपुरा पडतो. इथे संगणक लागतो. अमेरिकेतल्या उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले नेटलोगो हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नेमके यासाठी आहे. त्यात पडद्यावर शेत असते, शेतात स्वतंत्र किडी असतात, प्रत्येक किडीला काही सोपे नियम दिलेले असतात. माव्याने किती पिले द्यावीत, डिफाने दिवसाला किती मावा खावा, फवारणी कोणत्या दिवशी व्हावी, हे सरपट्टीने बदलता येते आणि परिणाम आलेखावर दिसतो. बारावीच्या विद्यार्थ्याला हे दोन दिवसांत हाताळता येते. शेतावर जाऊन कीड मोजणे त्याने टळत नाही. उलट काय मोजायचे ते कळते, आणि हाच प्रारूपाचा खरा उपयोग आहे.

आता दुसरी गोष्ट: जाळे.

जीवशास्त्राने विसाव्या शतकात सुटे भाग शोधण्याचे प्रचंड काम केले. २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचा प्रकल्प पूर्ण झाला त्या सुमारास अनेकांना एका आकड्याचे आश्चर्य वाटले. माणसाची प्रथिने बनवणारी जनुके सुमारे वीस हजार निघाली. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या एका सूत्रकृमीची जनुकेही जवळजवळ तेवढीच आहेत. मग माणूस आणि सूत्रकृमी यांच्यातला फरक कुठे आहे? भागांच्या संख्येत नक्कीच नाही. कोणते जनुक कोणाला चालू करते, कोणते प्रथिन कोणाला जाऊन चिकटते, कोणता संदेश कुठे थांबतो, यात आहे. भागांची यादी हातात आली आणि त्याच क्षणी कळले की यादी पुरत नाही.

जाळे मांडायला दोनच गोष्टी लागतात: बिंदू आणि दुवे. बिंदू म्हणजे जनुक, प्रथिन, फूल, मधमाशी, जंगल, काहीही. दुवा म्हणजे त्यांच्यातले नाते. कागदावर दहा बिंदू कोणीही काढील. पण यीस्टच्या पेशीत हजारो प्रथिने आहेत आणि त्यांच्यात त्याहून कितीतरी अधिक दुवे. ते सगळे एकदम काढले तर पडद्यावर गुंतवळ उरते, त्यातून काही वाचता येत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायॉलॉजी या संस्थेत ही अडचण रोजची होती. तिथे सायटोस्केप हे सॉफ्टवेअर तयार झाले आणि २००३ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत ट्रे आयडेकर, पॉल शॅनन यांच्याबरोबर नितीन बलिगा हे भारतीय वंशाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञही आहेत. अतिखारट पाण्यात जगणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाचा त्यांचा अभ्यास या साधनाच्या पहिल्या कसोट्यांपैकी एक होता.

सायटोस्केपने एक साधी पण निर्णायक सोय केली. जाळ्याचे चित्र आणि प्रयोगातली मोजमापे त्याने एकत्र आणली. बिंदूचा रंग म्हणजे ते जनुक किती सक्रिय आहे, आकार म्हणजे त्याला किती दुवे आहेत, रेषेची जाडी म्हणजे त्या नात्याचा पुरावा किती भक्कम आहे. हे सारे वापरणारा स्वतः ठरवतो. गुंतवळीतून हवा तो भाग वेगळा काढता येतो. कोणता बिंदू सर्वाधिक मार्गांच्या मध्ये येतो, कोणता काढला तर जाळे तुटते, हे मोजता येते. आणि ज्याला एखादी सोय कमी वाटते, तो ती स्वतः लिहून जोडू शकतो. अशा शेकडो जोडण्या जगभरच्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी लिहिल्या आहेत. फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेले जेफी हे मोठ्या जाळ्यांच्या चित्रांसाठी आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आयग्राफ आणि नेटवर्कएक्स आहेत. या साधनांचे तपशील इथे सांगत बसण्याचे कारण नाही. ती शिकायला सोपी आहेत आणि ती सगळी खुली आहेत.

खुली म्हणजे काय? फुकट एवढाच त्याचा अर्थ अनेकदा घेतला जातो, आणि तो अपुरा आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेले पुन्हा वाटता येते. परवान्यातच तशी मुभा लिहिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनक्स आले, आणि मुक्त सॉफ्टवेअरची ही चळवळ महाविद्यालयांच्या वसतिगृहांपर्यंत पोहोचली. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, तो याच परंपरेतला. ही परंपरा आतापर्यंत संगणक विभागात राहिली. ती शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात जायला हवी.

कारण जीवशास्त्राच्या प्रारूपांत खुलेपणा ही सोय नाही, अट आहे. प्रारूप हे विधान आहे, असे सुरुवातीला म्हटले. विधान तपासता आले नाही तर त्याला विज्ञानात काय किंमत? नव्वदच्या दशकात प्रत्येक प्रयोगशाळा आपली समीकरणे आपल्या पद्धतीने लिहीत होती. दुसऱ्याला ती पुन्हा चालवून पाहणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून २००० च्या सुमारास काही गटांनी एकत्र येऊन जैविक प्रारूपांसाठी एसबीएमएल ही सामाईक भाषा तयार केली. एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले प्रारूप दुसऱ्यात उघडावे, एवढाच तिचा उद्देश. कोपासीसारखी मुक्तस्रोत साधने ती भाषा वाचतात, आणि बायोमॉडेल्स या सार्वजनिक भांडारात तिच्यात लिहिलेली प्रारूपे कोणालाही मिळतात.

तरीही स्थिती समाधानाची नाही. बायोमॉडेल्सच्या गटाने प्रसिद्ध झालेली ४५५ प्रारूपे घेऊन ती छापील मजकुरावरून पुन्हा चालवून पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: त्यांतली ४९ टक्के प्रारूपे तशी चालली नाहीत. कुठे समीकरणातले चिन्ह चुकलेले, कुठे एखादा आकडा छापायचा राहिलेला, कुठे सुरुवातीची स्थितीच दिलेली नाही. लेखकांशी संपर्क साधून आणि अंदाज बांधून काही उभी राहिली. एक तृतीयांशाहून अधिक राहिलीच नाहीत. हे नामांकित नियतकालिकांत छापलेले, तज्ज्ञांनी तपासलेले काम होते. लबाडी नव्हे, झाकलेपण हे त्याचे कारण आहे. संकेत सोबत ठेवला असता तर चूक पहिल्याच वाचकाला दिसली असती.

इथवर साधनांविषयी. आता आपल्याकडे या साधनांनी आणि या विचाराने काय केले ते पाहू.

सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे. तिथल्या क्षयरोग आरोग्यधामामुळे या भागाला क्षयाची ओळख फार जुनी आहे. क्षयाच्या जीवाणूचा जनुकसंच १९९८ मध्ये वाचला गेला: सुमारे ४४ लाख अक्षरे, चार हजारांच्या आसपास जनुके. दहा वर्षे उलटली तरी त्यातून नवे औषध आले नाही. क्षय हा गरिबांचा रोग. औषध कंपन्यांना त्यात फारसा नफा नाही. तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये, समीर ब्रह्मचारी महासंचालक असताना, मुक्तस्रोत औषधशोधाचा प्रकल्प सुरू केला. सॉफ्टवेअर जसे अनेक जण मिळून उघडपणे लिहितात, तसे औषधाचे संशोधन करता येईल का? हा त्यामागचा प्रश्न होता.

या प्रकल्पात देशभरातले शेकडो विद्यार्थी जोडले गेले. त्यांनी क्षयाच्या जीवाणूवरचे छापील संशोधन वाचून प्रत्येक जनुकाचे काम नोंदवले आणि नात्यांचे जाळे उभे केले. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले: १,४३४ प्रथिने आणि त्यांच्यातले २,५७५ दुवे, हाताने तपासून नोंदवलेले. त्यावरून १७ प्रथिने औषधाचे संभाव्य लक्ष्य म्हणून पुढे आली, आणि त्यांतली पाच आधीच प्रयोगशाळेत सिद्ध झालेली होती. ही पाच महत्त्वाची आहेत. जाळ्याने स्वतंत्रपणे तीच नावे पुढे आणली, म्हणजे उरलेल्या बाराकडे गांभीर्याने पाहायला आधार मिळाला. या नकाशातून थेट एखादी गोळी दुकानात आली असे झालेले नाही, आणि तसे भासवणेही योग्य नाही. लक्ष्य ओळखणे ही औषधाच्या लांब वाटेवरची पहिली पायरी असते. पण लहान गावांतल्या महाविद्यालयातला विद्यार्थी, महागडी प्रयोगशाळा नसताना, वाचून आणि नोंदवून जागतिक दर्जाच्या संशोधनात भाग घेऊ शकतो, हे या कामाने दाखवून दिले. ही गोष्ट लहान नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे आणि घराघरातल्या आजाराचे आहे. मधुमेह एकदा झाला की जात नाही, अशी सर्वसाधारण समजूत. पण त्यातला प्रत्येक घटक सुटा घेतला तर तो उलटवता येतो. मग एकत्र आल्यावर ते उलटत का नाहीत? डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांनी २०१७ मध्ये या प्रश्नावर जाळ्याचे प्रारूप मांडले. यकृत, स्नायू, चरबी, स्वादुपिंड आणि मेंदू यांच्यात जे ज्ञात रासायनिक संदेश जातात, ते सगळे त्यांनी एका जाळ्यात गुंफले आणि संगणकावर चालवले. जाळे दोनच ठिकाणी येऊन स्थिरावले: एक इन्सुलिनला दाद देणारी निरोगी स्थिती, दुसरी न देणारी. मधली जागा टिकत नाही. एकमेकांना बळ देणाऱ्या अनेक साखळ्या शरीराला दुसऱ्या स्थितीत धरून ठेवतात. केवळ साखर खाली आणली तर जाळे प्रारूपात परत फिरले नाही. वर्तनाशी आणि मेंदू-संप्रेरकांशी संबंधित काही दुवे बदलले तेव्हा फिरले.

हे वैद्यकीय सल्ल्याच्या जागी घेण्याचे कारण नाही. चालू औषध कोणी या प्रारूपावरून बंद करू नये. पण विचार म्हणून ते फार मोलाचे आहे. रोग एखाद्या अवयवात नसून अवयवांच्या संबंधांत असू शकतो, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या मार्गाने दाखवता आली असती? आणि ज्याला हे पटत नाही त्याच्यासाठीही वाट मोकळी आहे: दुवे तपासावेत, एखादा चुकीचा वाटला तर बदलावा, पुन्हा चालवून पाहावे. मतभेदाला इतकी प्रामाणिक जागा प्रारूपच देऊ शकते.

आता घराजवळ यायला हवे. साताऱ्याचे कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या शिराळ्यापासून कोल्हापूर-रत्नागिरीच्या हद्दीपर्यंत पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. कागदावर व्याघ्र प्रकल्प, पण वाघ क्वचितच दिसे. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला तेव्हा ती मोठी बातमी झाली. विदर्भातून वाघ आणून इथे सोडण्याची योजना त्यानंतर आखली गेली. पण आणलेला वाघ टिकायचा असेल तर प्रश्न केवळ या जंगलाचा राहत नाही. इथून दक्षिणेला राधानगरी, पुढे आंबोली-तिलारी, गोव्याची म्हादई, कर्नाटकातली भीमगड आणि काळीची जंगले. वाघ या साखळीतून चालत येतो आणि चालत जातो. साखळी कुठे तुटते आहे?

हा जाळ्याचाच प्रश्न आहे. जंगले हे बिंदू, त्यांच्यातल्या वाटा हे दुवे. यासाठी सर्किटस्केप नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ ब्रॅड मॅक्रे आणि भारतीय संगणकशास्त्रज्ञ विरल शहा यांनी ते उभे केले. शहा हे ज्युलिया या संगणकभाषेच्या निर्मात्यांपैकीही एक आहेत. त्यामागची कल्पना अशी की, भूप्रदेश हे विजेचे मंडल मानायचे. घनदाट जंगलाला विरोध कमी, उसाच्या शेताला जास्त, चौपदरी रस्त्याला फार जास्त, धरणाच्या फुगवट्याला त्याहून जास्त. मग दोन जंगलांमध्ये प्रवाह सोडायचा आणि तो कुठून कुठून वाहतो ते पाहायचे. प्राणी एकच वाट धरत नाही, तो चाचपडत जातो. वीजही उपलब्ध सर्व मार्गांनी वाहते. म्हणून हे साम्य उपयोगी पडते. जिथे प्रवाह एका चिंचोळ्या पट्टीत दाटतो, ती खिंड वाचवली नाही तर दोन्हीकडची जंगले एकाकी पडतात. खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव येईल तेव्हा अशा नकाशाला किती वजन असेल, हे सांगायला नको. आणि तो नकाशा खुल्या साधनाने केला असेल, तर प्रस्ताव मांडणारा आणि विरोध करणारा दोघेही तोच संकेत चालवून वाद घालू शकतात.

साताऱ्याजवळचे कासचे पठार हे यापुढचे उदाहरण, आणि तिथले काम अजून फार मोठ्या प्रमाणावर आपल्या हातून व्हायचे आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश झाला. त्यानंतर तिथल्या गर्दीची चर्चा खूप झाली, फुलांची छायाचित्रे लाखोंनी निघाली. पण फूल एकटे नसते. सोनकी, तेरडा, कवळा, गेंद यांच्यावर कोणत्या मधमाश्या, कोणत्या माश्या, कोणती फुलपाखरे येतात? सातारच्याच नावावरून शास्त्रीय नाव मिळालेल्या वायतुऱ्यावर कोण येते? कंदीलपुष्पाच्या नळीत लहान माश्या काही काळ अडकतात आणि परागकण घेऊन सुटतात. त्या माश्या वर्षभर कुठे राहतात? टोपली कारवी अनेक वर्षांनी एकदम फुलते तेव्हा सगळ्या मधमाश्या तिकडे वळतात का, आणि शेजारच्या फुलांना त्याची झळ बसते का?

एका बाजूला फुले, दुसऱ्या बाजूला कीटक, आणि मध्ये भेटींच्या रेषा. असे जाळे मांडले की कोणत्या कीटकावर जास्तीत जास्त फुले अवलंबून आहेत ते दिसते, आणि कोणते फूल एकाच पाहुण्यावर जगते तेही दिसते. मग संगणकावर एकेक कीटक काढून पाहता येतो: आग्या माशी गेली तर काय होईल, गुरांची चराई बंद झाल्याने गवत वाढले तर काय होईल. यासाठी लागणारे बायपार्टाइट हे साधन आर या खुल्या भाषेत तयार आहे. साधन आहे, कमी आहेत त्या नोंदी. त्या नोंदी परदेशातून येणार नाहीत. त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या धुक्यात पठारावर बसून, एका फुलापुढे घड्याळ लावून, भेटी मोजूनच मिळतील. ते काम सातारच्या विद्यार्थ्यांइतके जवळचे दुसऱ्या कोणाला असणार?

काही सावधगिरीही सांगायला हवी, कारण जाळ्याचे चित्र फार मोहक असते आणि मोहक चित्रावर माणूस लवकर विश्वास ठेवतो. ज्या जनुकावर जास्त संशोधन झाले त्याचे दुवे जास्त नोंदले जातात, म्हणून ते जाळ्याच्या मध्यभागी दिसते. ते खरोखर मध्यवर्ती आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या फुलापाशी निरीक्षक जास्त वेळ बसला, त्याला जास्त पाहुणे मिळतात. दुवा न दिसणे म्हणजे दुवा नसणे नव्हे. १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट या संशोधकांनी, निसर्गातली आणि समाजातली अनेक जाळी एकाच नियमाने वाढतात, मोजक्या बिंदूंकडे बहुतेक दुवे जातात, असे मांडले. ही कल्पना वीस वर्षे अनेक ठिकाणी गृहीत धरली गेली. २०१९ मध्ये सुमारे हजार जाळी काटेकोर संख्याशास्त्राने तपासली गेली तेव्हा तो नियम नेमकेपणाने पाळणारी जाळी थोडीच निघाली. त्यावरचा वाद अजून चालू आहे. वाद चालू राहू शकतो, कारण ती जाळी आणि तो संकेत दोन्ही उघड आहेत.

खुल्या साधनांची स्वतःचीही एक अडचण आहे. ती सांभाळायला माणसे लागतात. संशोधनाचे अनुदान नवे साधन लिहायला मिळते, जुने दुरुस्त ठेवायला सहसा मिळत नाही. विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि त्याने लिहिलेली जोडणी पुढच्या आवृत्तीत चालेनाशी होते. म्हणून वापरणाऱ्याने थोडे परत देणे गरजेचे असते. प्रोग्रॅम लिहिता येत नसेल तर चूक कळवावी, मार्गदर्शिका लिहावी, ती मराठीत आणावी. मुंबईच्या आयआयटीत स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्तस्रोत साधनांचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत. आर, पायथन, लिनक्स यांची तोंडओळख मराठीतून करून घेता येते. सायटोस्केप, कोपासी, सर्किटस्केप यांच्यावर असे पाठ मराठीत यायला हवेत, आणि ते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी केले तर त्यात उदाहरण म्हणून परदेशी यीस्टऐवजी उसावरचा मावा येईल, द्राक्षावरचे डाऊनी आणि भुरी हे रोग येतील, कोयनेचे जंगल येईल.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. साधा संगणक आणि ही विनाशुल्क साधने एवढे भांडवल बहुतेक महाविद्यालयांत आजच आहे. सातारा आणि सांगलीतल्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि संगणक विभागांना विनंती आहे की त्यांनी एकत्र येऊन येत्या पावसाळ्यात एक नोंदवही सुरू करावी: कासच्या फुलांवरील भेटींची, किंवा उसातल्या किडी आणि मित्रकिडींची. ती दर वर्षी पुढे चालवावी, तिच्यावरून केलेले प्रारूप संकेतासह सर्वांसाठी खुले ठेवावे, आणि त्यातल्या चुका दाखवणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करावे.